खेळ थांबल्यावर मांडलेला डाव

क्रिकेटपटू निवृत्त झाला की समालोचनाच्या खुर्चीवर दिसतो, जाहिरातीत झळकतो, निवड समितीवर जातो. कबड्डीपटूला रेल्वेतली नाहीतर पोलिसातली नोकरी सांभाळून घेते. पण फुटबॉलपटूचे काय? तिशी उलटली, गुडघा कुरकुरू लागला की आपल्याकडचा फुटबॉलपटू जातो कुठे? युरोपात या प्रश्नाचे उत्तर ठरलेले आहे. तिकडचा जाणता खेळाडू बूट उतरवतो आणि क्लबचा व्यवस्थापक होतो. रुमानियाचा मिर्चा लुचेस्कू १९७० च्या विश्वचषकात आपल्या देशाचा कर्णधार होता. त्यानेच पुढे २००९ साली युक्रेनच्या शाख्तार दोनेत्स्क या क्लबला यूएफा कप जिंकून दिला.

अशीच वाट चाललेला एक माणूस आपल्या मुंबईने घडवला आहे. त्याचे नाव खालिद जमील.

खालिदचा जन्म १९७७ सालचा, कुवेतमधला. घराणे मूळचे पंजाबी. पण फुटबॉलपटू म्हणून तो वाढला तो मुंबईत. महिंद्र, एअर इंडिया आणि शेवटी मुंबई एफसी या संघांकडून तो मध्यरक्षक म्हणून खेळला, भारताची जर्सीही त्याने घातली. दुखापतींनी मात्र पाठ सोडली नाही. २००९ साली, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, मुंबई एफसीने त्यालाच प्रशिक्षक केले. काल ज्यांच्या बरोबरीने पळत होता, त्यांनाच आज संघातून वगळायचे, ही काही सोपी गोष्ट नव्हे.

मुंबई एफसी हा काही श्रीमंत क्लब नव्हता. काही काळ कूपरेजचे मैदान उपलब्ध नसल्याने मुंबईच्या या संघाला आपले 'घरचे' सामने पुण्याला बालेवाडीत खेळावे लागले. दरवर्षीचे ध्येय एकच, वरच्या श्रेणीत टिकून राहायचे! महिनाअखेरीस डब्यांत काय उरले आहे ते पाहून गृहिणी स्वयंपाकाचा बेत ठरवते, तसा खालिद संघ उभा करी. आधी बचाव पक्का, मग संधी मिळाली तर गोल. खेळ रुक्ष आहे, अशी टीका झाली. पण सात हंगामांत त्याने संघाला एकदाही खालच्या श्रेणीत घसरू दिले नाही. २०१६ साली क्लबची आणि त्याची वाट वेगळी झाली.

त्यानंतर जे घडले, ते एखाद्या कादंबरीत शोभावे असे आहे. खालिद मिझोरामच्या ऐझॉल क्लबकडे गेला. हा क्लब आदल्याच हंगामात खालच्या श्रेणीत घसरला होता. गोव्याच्या क्लबांनी माघार घेतली म्हणून त्याला आय-लीगमध्ये पुन्हा जागा मिळाली होती. मुंबईतले काही ओळखीचे खेळाडू त्याच्यासोबत तिकडे गेले, त्यांत आपला जयेश राणेही होता. ३० एप्रिल २०१७ रोजी शेवटच्या सामन्यात ऐझॉलला फक्त बरोबरी हवी होती. शिलाँगमध्ये संघ एका गोलने मागे पडला, उत्तरार्धात बरोबरी साधली, आणि ३७ गुणांसह ऐझॉल देशाचा विजेता झाला! मोहन बागानसारखा बलाढ्य क्लब एका गुणाने मागे राहिला. ईशान्य भारतातील क्लबने राष्ट्रीय लीग जिंकण्याची ही पहिलीच वेळ. आणि योगायोग पाहा, त्याच हंगामात मुंबई एफसी तळाला गेला आणि पुढे बंदच पडला.

पुढे ईस्ट बंगाल झाले, मोहन बागान झाले. २०२१ मध्ये गुवाहाटीच्या नॉर्थईस्ट युनायटेडची सूत्रे त्याच्याकडे हंगामाच्या मध्यावर आली. त्याने संघाला इंडियन सुपर लीगच्या उपांत्य फेरीपर्यंत नेले. परदेशी प्रशिक्षकांची मक्तेदारी असलेल्या त्या स्पर्धेत एखाद्या भारतीय प्रशिक्षकाने तिथवर मजल मारण्याचा तो पहिला प्रसंग. जमशेदपूरनंतर १ ऑगस्ट २०२५ रोजी तो भारताचा प्रशिक्षक झाला. पहिल्याच सामन्यात ताजिकिस्तानला त्यांच्याच भूमीवर २-१ असे हरवले. मात्र ऑक्टोबरमध्ये मडगावला सिंगापूरकडून हार पत्करावी लागली आणि २०२७ च्या आशिया चषकाची आशा मावळली. प्रशिक्षकाच्या नशिबी हार-तुरे दोन्ही असतात. हार या शब्दाच्या दोन्ही अर्थांनी!

गेल्या पावसाळ्यात माझा भाचा शाळेच्या फुटबॉल संघात निवडला गेला, तेव्हा ताईने मला विचारले, "अरे, पण यात पुढे काय?" प्रश्न रास्त होता. आमच्या नाशिकला देशाच्या वरच्या लीगमधला क्लब नाही. महिंद्रचा संघ २००६ साली राष्ट्रीय लीगचा विजेता झाला आणि २०१० मध्ये बंद झाला. मग मुलाने कुणाच्या भरवशावर खेळायचे? मी ताईला खालिदची गोष्ट सांगितली. क्लब बंद पडतात, मैदाने हातची जातात, पण माणसाने कमावलेली विद्या बंद पडत नाही. ती त्याच्यासोबत मुंबईहून ऐझॉलपर्यंत जाते. शिवाय फुटबॉल प्रशिक्षक होण्यालाही आता रीतसर पायऱ्या आहेत. 'डी' परवान्यापासून सुरुवात करून 'प्रो' परवान्यापर्यंत परीक्षा देत चढावे लागते. खालिदही हा शेवटचा परवाना मिळवूनच इथवर आला.

खरे तर प्रशिक्षकाचे मोल नाशिककरांना वेगळे सांगायला नको. त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या आदिवासी पाड्यावरची कविता राऊत २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटर शर्यतीचे कांस्यपदक जिंकते, तेव्हा तिच्यामागे विजेंदर सिंग यांच्यासारखा गुरू उभा असतो. पदक गळ्यात पडते ते खेळाडूच्या. पण पुढची दहा मुले तयार होतात, ती गुरूच्या हाताखाली.

ताईने भाच्याला खेळायला परवानगी दिली. तो उद्या देशाकडून खेळेल की नाही, कोण जाणे! पण खेळता खेळता तो दुसऱ्याला शिकवायला शिकला, तर नाशिकच्या एखाद्या मैदानावर आणखी वीस वर्षांनी पोरांना 'यात पुढे काय?' असे विचारावे लागणार नाही. उत्तर त्यांच्यासमोर शिट्टी घेऊन उभे असेल.