मूठ जपून पिळा

पऱ्हाटी उपटून झाली की घाटंजीकडची वावरं उन्हाळाभर मोकळी पडतात. इलेक्ट्रिक डर्ट बाइक शिकायला ही उत्तम जागा. मात्र उरलेली खुंटं आधी वेचून घ्या आणि भेगा कुठे आहेत ते पाहून ठेवा.

या गाडीला सहसा क्लच नसतो, गिअर नसतात. नवशिक्याला ते सोपं वाटतं, पण खरा धोका तिथेच आहे. पेट्रोल इंजिनाचा पूर्ण जोर फेरे वाढल्यावर मिळतो. विद्युत मोटर तो जागेवरूनच देते. मूठ जरा जास्त पिळली की गाडी पुढे झेपावते, अंग मागे फेकलं जातं, आणि मागे जाणारं मनगट मूठ आणखीच पिळतं! म्हणून सुरुवातीला सर्वांत मंद मोड, मनगट सरळ आणि एक बोट ब्रेकवर. मोटर बंद करणाऱ्या स्विचची दोरी मनगटाला बांधलीच पाहिजे. बंगळुरूच्या अल्ट्राव्हायोलेट कंपनीने २०२५ मध्ये आणलेली शॉकवेव्ह ही अशीच विद्युत गाडी १२० किलोंची आहे. पहिल्या धड्यासाठी मी याहून हलकी, कमी ताकदीची गाडी निवडेन. हेल्मेट, गुडघ्याचे पॅड आणि घोट्याच्या वरपर्यंतचे बूट हवेतच.

पाऊस पडला की काळ्या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते. ती चाक आणि मडगार्डच्या मध्ये गच्च बसते. मोटर जोर लावून तापते, बॅटरी झपाट्याने उतरते. अशा वेळी वावर सोडा, मुरमाड पांदण धरा. घरी आल्यावर चिखल साध्या पाण्याने काढा. जोडण्यांवर जोराचा फवारा मारू नका.