हिवाळा आणि शाळेची वाट

मार्गशीर्ष-पौषाचे दिवस आले की खेड्यापाड्यांतील शाळांच्या हजेरीपटावर थंडीची छाया पडू लागते. शेतवस्तीवरील मुले उशिरा येतात, लहानगी घरीच राहतात आणि ज्या घरी मोटारसायकल आहे त्या घरची मुले वडिलांच्या पाठीमागे बसून येतात. ‘एवढ्या थंडीत लेकराला चालवायचे कसे?’ हा पालकांचा प्रश्न मायेपोटी असतो. म्हणूनच त्याचे उत्तर शिक्षकांनी नीट समजून घेऊन पालकांस समजावून द्यावयास हवे.

प्रथम थंडीचाच विचार करू. चालताना किंवा सायकल चालविताना स्नायू जी शक्ती खर्च करतात, तिचा सुमारे चौथा हिस्साच प्रत्यक्ष हालचालीस लागतो. बाकीची उष्णतेच्या रूपाने अंगात खेळते. त्यामुळे घरून निघताना कुडकुडणारे मूल पाव कोसावर स्वेटर काढू पाहते. मोटारसायकलवर बसलेल्या मुलाची स्थिती याउलट असते. हवेचे तापमान १० अंश असताना ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीवर वाऱ्यामुळे ते सुमारे ६ अंशांइतके बोचते, आणि स्वस्थ बसलेल्या शरीरात नवी ऊब फारशी निर्माण होत नाही. थंडीपासून वाचविण्यासाठी ज्याला गाडीवर बसविले, तेच मूल अधिक गारठून शाळेत पोहोचते. फिनलंडमधील औलू या शहरी बर्फ पडले असतानाही पुष्कळ मुले सायकलीनेच शाळेत जातात. आपल्याकडील थंडी त्यामानाने सौम्य आहे.

मराठवाड्यातील ऋतुमानाकडे पाहिले तर आणखी एक गोष्ट ध्यानी येते. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल आणि भरून वाहणारे ओढे वाट अडवितात. फाल्गुनानंतर ऊन भाजू लागते. मधले तीन-चार महिने वाट कोरडी, हवा थंड व आकाश निरभ्र असते. चालण्यास याहून चांगला काळ वर्षात दुसरा नाही. शेतकऱ्याला जसा रब्बीचा हंगाम, तसा शाळेला हा वाट शिकविण्याचा हंगाम होय.

वाट शिकविण्याचे महत्त्व एवढ्यासाठी की ती इयत्तेगणिक लांबत जाते. महाराष्ट्राच्या २०११ च्या शिक्षणहक्क नियमांप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असावयाची. पुढील माध्यमिक शाळा त्याहूनही दूर असू शकते. पहिल्या इयत्तेत एक किलोमीटर चालण्याची सवय ज्याला लागली, त्याला सहावीतले तीन किलोमीटर जड जात नाहीत. परंतु चौथीपर्यंत जे मूल केवळ गाडीवरूनच आले, त्याच्या घरी पुढे गाडीला सवड झाली नाही की शाळेत खंड पडतो. आणि तो खंड बहुधा मुलीच्या वाट्यास प्रथम येतो. ‘शाळा लांब आहे, एकटी कशी जाईल?’ एवढ्या एका वाक्यात कित्येक मुलींचे शिक्षण थांबते.

याचा पडताळा बिहारमध्ये आला. तेथे २००६ साली नववीतील मुलींना सायकली देण्याची योजना सुरू झाली. कार्तिक मुरलीधरन व निशीथ प्रकाश यांच्या २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार माध्यमिक शाळेत योग्य वयात दाखल होणाऱ्या मुलींचे प्रमाण तिच्यामुळे ३२ टक्क्यांनी वाढले. जेथे शाळा तीन किलोमीटर किंवा अधिक दूर होती, तेथे हा लाभ विशेष दिसला. आपल्या राज्यातही मानव विकास कार्यक्रमाखाली हिंगोलीसारख्या जिल्ह्यांतील आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली देण्याची योजना राबविली गेली. परंतु सायकल हाती येण्यापूर्वी तिच्यावर बसण्याचे धैर्य आणि रस्त्याचे ज्ञान हवे. त्याचा पाया प्राथमिक शाळेतच घातला पाहिजे.

थंडीचे भय निराधार असले तरी रस्त्याचे भय खरे आहे. कनेरगाव नाका हे हिंगोली-वाशीम मार्गावरील, मराठवाडा व विदर्भ यांच्या सीमेजवळचे गाव. मालमोटारी, एस. टी. गाड्या व ट्रॅक्टर यांची तेथे वर्दळ. शिवाय अकोला-पूर्णा लोहमार्गही या परिसरातून जातो. हिवाळ्याच्या सकाळी धुके पडले की दूरचे वाहन दिसत नाही. अशा ठिकाणी ‘मुलांना चालवा’ असे नुसते सांगून भागणार नाही. पुढील व्यवस्था प्रत्येक शाळेस करता येण्याजोगी आहे.

एकाच वस्तीवरील मुलांचा गट करावा. ठरलेल्या वेळी ठरलेल्या झाडाखाली वा पारावर सर्वांनी जमावे; वरच्या वर्गातील जाणता विद्यार्थी पुढे व दुसरा मागे असावा. मोठा रस्ता ओलांडण्याच्या जागी शाळा व्यवस्थापन समितीने पाळीपाळीने एका पालकास उभे करावे. पायी चालणाऱ्यांनी उजव्या कडेने, समोरून येणारे वाहन दिसेल असे चालावे. सायकलस्वारांनी डाव्या कडेने, एकामागे एक जावे. रुळांवरून जवळची वाट काढू नये. कपडे फिक्या रंगाचे असावेत. कानटोपी घालावी, पण भोंगा ऐकू येणार नाही इतकी घट्ट बांधू नये. सायकलवर शालीचे वा ओढणीचे टोक मोकळे सोडू नये. ते चाकात अडकते.

सायकलीची तपासणी आठवड्यातून एकदा शाळेच्या पटांगणात व्हावी. ब्रेक लागतो का, घंटी वाजते का, साखळीस तेल आहे का, बैठकीवर बसून पाय जमिनीस टेकतात का, हे मुलांनीच पाहावे. डबलसीट मुळीच चालू देऊ नये.

वेळेचाही विचार हवा. जानेवारीच्या पूर्वार्धात या भागात सूर्य सातच्या सुमारास उगवतो. पूर्व-प्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असे निर्देश शासनाने २०२४ साली दिले. वरच्या वर्गांची शनिवारची सकाळची शाळा असेल तेथेही मुलांना अंधारात घर सोडावे लागणार नाही, हे मुख्याध्यापकांनी पाहावे. घरून निघण्यापूर्वी मुलाने भाकरतुकडा खाल्लेला असावा. ताप किंवा दमा असलेल्या मुलास मात्र आग्रह करू नये.

ही वाट अध्यापनाचेही साधन आहे. घर ते शाळा किती पावले, वाटेत कोणती पिके, कोणत्या वळणावर धोका, याचा नकाशा मुलांकडून काढून घ्यावा. गणित, भूगोल व परिसर अभ्यास त्यात सहज साधतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी एक तास मध्यम ते जोमदार हालचाल हवी. शाळेच्या वाटेवर तिचा बराच भाग विनाखर्च पदरात पडतो.

हा उपक्रम पालकसभेत मांडताना शिक्षकांनी एक गोष्ट आवर्जून सांगावी. आज जी मुलगी मैत्रिणींबरोबर एक किलोमीटर निर्भयपणे चालते, तीच उद्या पाच किलोमीटरवरील विद्यालयात जाईल. तिच्या पायांना ही सवय लावण्यास हिवाळ्याचे हे चार महिने पुरेसे आहेत.