फिरेनासा झालेला स्क्रू

छंद म्हणून चालविल्या जाणाऱ्या दूरनियंत्रित मोटारगाडीकडे वरवर पाहणारास ती एक खेळणें वाटते. परंतु ती उलगडावयास बसणारास लवकरच कळून येतें कीं, हें खऱ्या मोटारीसारखेंच एक पुरें यंत्र आहे. दशांश आकाराच्या अशा गाडींत विजेची मोटार, दंतचक्रें, स्प्रिंगा, बेअरिंगें हें सर्व असतें, आणि तें एकत्र धरून ठेवण्याचें काम बहुधा ३ मिलिमीटर जाडीचे स्क्रू करीत असतात. त्यांपैकीं एकाची खांच झिजून गुळगुळीत झाली, कीं किल्ली आंतल्या आंत फिरूं लागते, स्क्रू जागचा हालत नाहीं, आणि बाकीचे सर्व भाग शाबूत असतांही गाडी त्या एकापायीं अडून बसते.

हा प्रसंग फार वेळां येतो तो मोटारीच्या दांड्यावर बसविलेल्या लहान दंतचक्राच्या बाबतींत. तें चक्र एका बिनडोक्याच्या स्क्रूनें दांड्यावर घट्ट आवळलेलें असतें. या स्क्रूलाही इतिहास आहे. पूर्वीं कारखान्यांतील फिरत्या दांड्यांवरील स्क्रूंचीं डोकीं बाहेर आलेलीं असत व त्यांत कामगारांचे कपडे अडकून भयंकर अपघात होत. अमेरिकेंतील हार्टफर्ड येथील विल्यम ॲलन यांनीं १९१० सालीं षट्कोनी खांचेच्या स्क्रूसंबंधीं पेटंट मिळविलें. डोकें नाहींसें झालें, स्क्रू आंत बुडाला आणि धोका टळला. पुढें त्याच हार्टफर्डमधील ट्रिनिटी कॉलेजचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक व्हर्नन क्रीबल यांनीं १९५३ सालीं एक विलक्षण द्रव पुढें आणला. हवेशीं संबंध असेपर्यंत तो पातळ राहतो. धातूच्या आट्यांमध्यें हवेवांचून कोंडला गेला कीं घट्ट होतो. हादऱ्यांनीं स्क्रू ढिला होऊं नये म्हणून मोटारगाडीचे शौकीन याच जातीचा द्रव वापरतात. अशा रीतीनें अवघ्या १.५ मिलिमीटर किल्लीची नाजूक खांच आणि चिवट पकड हीं दोन्ही त्या एका स्क्रूंत एकत्र येतात.

खांच झिजते ती पुष्कळदां किल्लीच्या दोषामुळें. किल्लीचे कोपरे वापरानें गोल झालेले असतात, खांचेंत माती भरल्यामुळें ती तळापर्यंत पोंचत नाहीं, किंवा तिचें मापच चुकीचें असतें. १.५ मिलिमीटरची किल्ली १/१६ इंचाच्या खांचेंत सहज शिरते. परंतु ती खांच जवळजवळ १.५९ मिलिमीटरची असते. हा फरक डोळ्यांस दिसत नाहीं, पण कोपरे खावयास पुरेसा होतो.

येथें ध्यानांत धरण्याजोगी मुख्य गोष्ट ही कीं, प्रत्येक फसलेला प्रयत्न पुढील प्रयत्नाला लागणारा धातु खाऊन टाकतो. म्हणून किल्ली एकदां घसरली कीं हात थांबला पाहिजे. उपाय बरेच आहेत. मात्र ज्यांत कमी नुकसान होतें तो आधीं, अधिक होतें तो नंतर, असा क्रम राखावा लागतो.

प्रथम बॅटरी काढून ठेवावी. मग सुईनें खांच कोरून स्वच्छ करावी व नवी, तीक्ष्ण कोपऱ्यांची किल्ली तळापर्यंत सरळ बसवून पाहावी. पुष्कळ स्क्रू एवढ्यानेंच सुटतात. न सुटल्यास विजेच्या सोल्डरिंग आयर्नचें तापलेलें टोक अर्धा मिनिट स्क्रूवर टेकवावें. उष्णतेनें घट्ट झालेला द्रव मऊ पडतो. मात्र स्क्रू प्लॅस्टिकमध्यें असेल तर हा उपाय वर्ज्य होय, आणि मोटारीला अधिक वेळ ताप देणेंही बरें नव्हे, कारण उष्णतेनें आंतील चुंबकाची शक्ति घटते.

तिसरा उपाय टॉर्क्स नांवाच्या सहा पाकळ्यांच्या बिटाचा. खांचेहून किंचित मोठें असें बिट हातोडीनें हलकेच ठोकून बसविलें म्हणजे तें झिजल्या भिंतींत नवी पकड मिळवितें. ठोकतांना चक्राखालीं आधार हवा, नाहींतर मोटारीच्या बेअरिंगांना मार बसतो. डोक्याचा स्क्रू असेल तर बारीक करवतीनें डोक्यावर सरळ चीर पाडून चपट्या स्क्रू-ड्रायव्हरनें तो फिरवितां येतो. तेंही न साधल्यास डोकेंच गिरमिटानें कोरून काढावें. डोकें गेलें कीं ताण सुटतो, वरचा भाग उचलतां येतो, आणि उरलेला दांडा पकडीनें धरून हातानें सुटतो. चीर पाडतांना व कोरतांना डोळ्यांवर चष्मा अवश्य असावा.

बिनडोक्याच्या स्क्रूपुढें सर्व उपाय हरले, तर शेवटीं दंतचक्रच कापून काढावें. हें नुकसान नव्हे, हिशेब आहे. चक्र स्वस्त असतें, मोटार महाग. मोटार वांचवावयाची कीं चक्र, हें आधीं ठरविणाराचे दोन्ही भाग क्वचितच जातात. न ठरवितां जोर करणाराचे पुष्कळदां जातात.

सुटलेला स्क्रू मात्र पुन्हा वापरूं नये. त्याच्या जागीं नवाच घालावा. प्लॅस्टिकमध्यें तो बसवितांना प्रथम उलटा फिरवावा. जुन्या आट्यांत तो टचकन् बसल्याचें बोटांना कळतें, मग आवळावा. हाच नियम शिवणयंत्राला आणि कुकरच्या मुठीलाही लागू आहे. घरांतील जीं यंत्रें दुरुस्तीच्या वेळीं मोडतात, त्यांतील कितीतरी अशक्त हातांनीं नव्हे, उतावीळ हातांनीं मोडलेलीं असतात.