रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ : तीन ओळींच्या फाइलचा सातबारा

‘नेट बंद पडलंय’ अशी तक्रार आली, की लिनक्सचा जाणकार आधी दोन पिंग मारतो. पहिला ८.८.८.८ सारख्या आकडी पत्त्याला, दुसरा एखाद्या संकेतस्थळाच्या नावाला. पहिल्याला उत्तर आले आणि दुसऱ्याला नाही, तर केबल, वायफाय आणि राउटर निर्दोष सुटतात. बिघाड असतो तो नावावरून पत्ता काढण्यात. त्याचा माग काढत गेले की ईटीसी फोल्डरमधल्या एका छोट्याशा फाइलपाशी पोहोचायला होते. तिचे नाव रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ.

फाइल साध्या मजकुराची, बहुधा दोन-तीन ओळींची. ‘नेमसर्व्हर’ हा शब्द आणि त्यापुढे एक आकडी पत्ता, बस्स. पण ब्राउझर, मेल, सॉफ्टवेअर अपडेट या सगळ्यांची वाट या ओळींवरून जाते.

या फाइलचे घराणे जुने आहे. अर्पानेटच्या काळात सगळ्या संगणकांची नावे आणि पत्ते होस्ट्स डॉट टीएक्सटी या एकाच यादीत असत. कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्क येथील एसआरआय संस्थेत एलिझाबेथ फाइनलर यांचे माहिती केंद्र ती यादी सांभाळी आणि बाकीचे तिची प्रत उतरवून घेत. जाळे वाढले तशी ही पद्धत अपुरी पडू लागली. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसचा आराखडा मांडला. एकच मोठी यादी ठेवण्याऐवजी प्रत्येकाने आपापल्या हद्दीतली नावे सांभाळावीत, अशी ही रचना होती. पुढच्याच वर्षी बर्कली विद्यापीठातल्या चार विद्यार्थ्यांनी युनिक्ससाठी बाइंड हे सॉफ्टवेअर लिहिले. १९८६ साली आलेल्या ४.३ बीएसडी या युनिक्समध्ये रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ ही फाइल अवतरली आणि आजही ती त्याच नावाने, जवळपास त्याच रूपात नांदते आहे.

तिचे काम समजले की निदान सोपे होते. प्रोग्राम स्वतः जगभर हिंडून पत्ता शोधत नाही. तो सिस्टिमच्या लायब्ररीला विचारतो. लायब्ररी आधी एनएसस्विच डॉट कॉन्फ पाहते. तिथे सहसा ‘आधी फाइल, मग डीएनएस’ असा क्रम असतो, म्हणून प्रथम ईटीसीमधली होस्ट्स फाइल चाळली जाते. तिथे नाव नसेल, तर रिझॉल्व्ह डॉट कॉन्फमधल्या पहिल्या सर्व्हरच्या ५३ क्रमांकाच्या पोर्टवर प्रश्न जातो. पुढची वणवण त्या सर्व्हरची किंवा तो ज्याला विचारतो त्याची. रूट सर्व्हर, मग डॉट इन किंवा डॉट ऑर्गचा सर्व्हर, मग त्या नावाचा अधिकृत सर्व्हर.

लिनक्सच्या नेहमीच्या जीलिबसी लायब्ररीत या फाइलमधले तीनच नेमसर्व्हर धरले जातात. चौथा लिहिला तरी त्याची दखल घेतली जात नाही. पहिला सर्व्हर गप्प राहिला, तर लायब्ररी पाच सेकंद थांबते आणि मग दुसऱ्याकडे वळते. हा अनुभव ती लक्षात ठेवत नाही. पुढच्या नावासाठी पुन्हा पहिल्याच सर्व्हरकडे जाते, पुन्हा पाच सेकंद थांबते. सगळी संकेतस्थळे उघडतात पण प्रत्येक वेळी रेंगाळून, अशी तक्रार असेल तर पहिला नेमसर्व्हर मेला आहे का, हे आधी तपासावे.

दुसरी गफलत याहून फसवी. अनेक जण पहिल्या ओळीत राउटरचा किंवा सार्वजनिक सर्व्हर लिहितात आणि दुसऱ्या ओळीत ऑफिसचा. एकाला नाव ठाऊक नसेल तर दुसरा सांगेल, अशी त्यांची समजूत. तसे होत नाही. पहिल्याने ‘असे नावच नाही’ म्हटले, की तेच उत्तर अंतिम. दुसरा सर्व्हर पहिला मुका झाल्यावर कामाला येतो, पहिला नाही म्हणाल्यावर नाही.

म्हणून पडद्यावरचा संदेश नीट वाचावा. ‘टेम्पररी फेल्युअर इन नेम रिझॉल्यूशन’ आले, तर सर्व्हरकडून धड उत्तर मिळालेले नाही. ‘नेम ऑर सर्व्हिस नॉट नोन’ आले, तर बहुधा उत्तर मिळाले आहे आणि ते नकाराचे आहे. पहिल्या प्रसंगी सर्व्हर आणि फायरवॉल तपासायचे, दुसऱ्या प्रसंगी नावाचे स्पेलिंग आणि सर्व्हरची निवड. डिग ही कमांड होस्ट्स फाइल न बघता थेट डीएनएसला विचारते, तर ‘गेटएंट होस्ट्स’ लायब्ररीच्या वाटेने जाते. दोघांची उत्तरे जुळत नसतील, तर होस्ट्स फाइलमधली एखादी जुनी, विसरलेली नोंद हुडकावी.

खरी डोकेदुखी वेगळीच आहे. हाताने दुरुस्त केलेली फाइल मशीन रीस्टार्ट केल्यावर पूर्ववत होते. कारण तिच्यावर हक्क सांगणारे अनेक आहेत. नेटवर्कमॅनेजर, डीएचसीपी क्लायंट, व्हीपीएन, रिझॉल्व्हकॉन्फ, सिस्टिमडी-रिझॉल्व्हड, जो तो आपले पत्ते लिहून जातो. जमीन कसण्याआधी सातबारा पाहतात, तसे इथेही आधी मालक पाहावा. ‘एलएस -एल’ दिले की ही खरी फाइल आहे की दुसरीकडे नेणारी लिंक, ते कळते. आत १२७.०.०.५३ हा पत्ता असेल, तर कारभार सिस्टिमडी-रिझॉल्व्हडकडे आहे. उबुंटूत हे अनेक वर्षांपासून आहे, फेडोरात २०२० च्या ३३ व्या आवृत्तीपासून. अशा वेळी खरे सर्व्हर फाइलमध्ये दिसत नाहीत, ते ‘रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस’ या कमांडने दिसतात. ही रचना प्रत्येक जोडणीसाठी वेगळे सर्व्हर ठेवू शकते. त्यामुळे ऑफिसची नावे व्हीपीएनच्या सर्व्हरला आणि बाकीची घरच्या सर्व्हरला विचारणे जमते. साध्या फाइलला ते कधीच जमले नाही.

काही जण वैतागून ‘चॅटर +आय’ या कमांडने फाइलला कुलूप घालतात. त्या दिवसापुरते भागते. मग लॅपटॉप दुसऱ्या जाळ्यात नेला, की जुनाच सर्व्हर गळ्यात पडतो आणि कुलूप कोणी घातले ते कुणालाच आठवत नाही. बदल मालकाकडेच करावा. नेटवर्कमॅनेजर असेल तर त्या जोडणीच्या सेटिंगमध्ये, रिझॉल्व्हड असेल तर त्याच्या स्वतःच्या कॉन्फिगरेशनमध्ये.

मुक्त सॉफ्टवेअरची थोरवी मला इथे दिसते. काहीही दडवलेले नसते. कोणती फाइल, कोणी लिहिली, कोणत्या क्रमाने वाचली जाते, हे सगळे विद्यार्थ्यालाही डोळ्यांनी पाहता येते आणि पडताळता येते. तेव्हा पुढच्या वेळी नाव सापडले नाही, तर कुठूनतरी उचललेली कमांड डोळे मिटून चालवू नका. टर्मिनल उघडा आणि ‘मॅन’ या कमांडपुढे या फाइलचे नाव लिहा. बहुतेक लिनक्स मशीनवर ही माहितीपुस्तिका आधीपासूनच असते, आणि ती वाचायला नेट लागत नाही.