एल्बेचं पाणी उतरतं तेव्हा

सकाळची वेळ. हॅम्बुर्गच्या लांडुंग्सब्रुकन धक्क्याकडे जाणारा पूल इतका उतरता झालाय, की सायकलवाले पायउतार होऊन चालताहेत. हा धक्का तरंगता आहे. नदी खाली गेली की तोही खाली जातो. समुद्र इथून शंभर किलोमीटरवर, तरी कोकणातल्या खाडीसारखी इथे रोज दोनदा भरती-ओहोटी होते. एल्बेचं पाणी साडेतीन मीटरहून जास्त चढतं-उतरतं.

नदीकाठाने चालत मी श्पायखरश्टाटमध्ये येतो. लाल विटांच्या गोदामांची ही वसाहत लाकडी खांबांवर उभी आहे. प्रत्येक गोदामाची एक बाजू रस्त्याला, दुसरी कालव्याला. माथ्यावर माल ओढायच्या कप्प्या अजून दिसतात. कॉफी, चहा, मसाले, गालिचे इथे वर चढत. आत्ता कालव्यात पाण्यापेक्षा गाळच जास्त आहे आणि भिंतींवर ओल कुठवर चढते ते स्वच्छ दिसतंय. १८८८मध्ये हे जकातमुक्त बंदर सुरू झालं. त्याआधी या जागेवर दाट वस्ती होती. सुमारे वीस हजार माणसांना इथून उठवलं गेलं. या देखण्या विटांपुढे उभं राहिलं की मला ती माणसं आधी आठवतात.

मालाची इतकी चोख व्यवस्था लावणाऱ्या या शहराने पिण्याचं पाणी मात्र गाळलं नाही. खर्चाच्या वादात वर्षं गेली. पाणी शहराच्या वरच्या अंगाला नदीतून उचलत, पण भरती शहराची घाण तिथपर्यंत उलटी ढकलत असे. १८९२च्या उन्हाळ्यात कॉलरा आला आणि साडेआठ हजारांवर माणसं गेली. शेजारचं आल्टोना तीच नदी पीत होतं, पण वाळूतून गाळून. तिथे साथ फारशी पसरलीच नाही. कॉलरा पाण्यातून पसरतो, याचा बर्लिनहून आलेल्या जीवाणूशास्त्रज्ञ रॉबर्ट कोख यांना याहून स्पष्ट पुरावा नको होता. हॅम्बुर्गचं गाळणी केंद्र १८९३मध्ये सुरू झालं. हा उशीर अक्षम्य होता असंच मी म्हणेन.

मी परत नदीवर येतो. पाणी फिरलंय, तरंगणारी एक फळी प्रवाहाबरोबर शहराच्या आत, उलट्या दिशेला चाललीय. रुंद पायऱ्यांवर लोक ऊन खात बसलेत. ही नुसती बसायची जागा नाही, हा पूररोधक बांध आहे. १६ फेब्रुवारी १९६२च्या रात्री वादळाने समुद्र नदीत लोटला, जुने बांध फुटले आणि शहरात ३१५ माणसं गेली. त्यातली बहुतेक नदीपलीकडच्या विल्हेल्म्सबुर्गच्या सखल वस्तीतली. त्या रात्री पाणी ५.७० मीटरवर पोचलं होतं. मग शहराने बांध उंच केले. जानेवारी १९७६मध्ये एल्बे ६.४५ मीटरपर्यंत चढली, तेव्हा शहराचे हे नवे बांध टिकले.