चोवीसला पेटलेला दिवा

डिसेंबरातली सकाळ, साडेसहाची वेळ. संभाजीनगरहून समृद्धी महामार्गाने नागपूरला निघाले होते. हर्सूल मागे पडलं आणि गाडीच्या पडद्यावर पिवळा दिवा लागला. घोड्याच्या नालेसारखी आकृती, मधे उद्गारचिन्ह. खाली चार चाकांतल्या हवेच्या दाबाचे चार आकडे: पुढचं डावं 24, बाकीची 30, 29, 30. सावंगीहून समृद्धीवर चढायला थोडंच अंतर उरलं होतं. एकदा वर चढलं की ताशी 120 पर्यंतचा वेग आणि खाली काँक्रीट. मी गाडी वळवली आणि मागे दिसलेल्या पंक्चरच्या दुकानाशी आणून उभी केली.

दुकानदाराने कॉम्प्रेसर नुकताच सुरू केला होता. मी आकडे सांगितले. त्याने ऐकून घेतले, पण आधी स्वतःचं गेज लावलं. पंचवीस. "तुमचं चोवीस, माझं पंचवीस. चालतंय. पण बाकीचे तीस का झाले? हवा शेवटची कधी चेक केली होती, ताई?"

ऑक्टोबरात, दुपारी, तेहतीस भरली होती. त्याने मान हलवली. याचं गणित सोपं आहे. बंद टायरमधली हवा दहा अंश थंड झाली की दाब साधारण दीड पीएसआयने उतरतो. ऑक्टोबरच्या दुपारचे बत्तीस अंश आणि या पहाटेचे बारा, म्हणजे वीस अंशांच्या फरकात तेहतीसचे तीस झाले. शिवाय रबरातून थोडी हवा महिन्यागणिक झिरपतच असते. म्हणजे तीन चाकं मुख्यतः थंडीने उतरली होती. चौथ्याला मात्र खिळा होता.

खिळा तिरका घुसला होता. ट्यूबलेसला बाहेरूनच स्ट्रिप ठोकून दहा मिनिटांत मोकळं करता येतं, बरेच जण तेच करतात. याने टायर उतरवायचं ठरवलं, आतून बघितल्याशिवाय पॅच मारायचा नाही म्हणाला. चाक मशीनवर नेण्याआधी त्याने व्हॉल्व्ह कुठे आहे ते बघून तिथे खडूने रेघ मारली. टायरची कड रिममधून सोडवायला मशीनचा पत्रा दाबावा लागतो. तो पत्रा व्हॉल्व्हच्या बाजूला दाबला तर आतला सेन्सर कट्‌कन मोडतो. असे मोडलेले सेन्सर त्याने बिस्किटांच्या डब्यात साठवले होते. ते तो नवीन पोरांना दाखवतो.

टायर निघाला. व्हॉल्व्हच्या मुळाशी काडेपेटीएवढी काळी पेटी, वजन तीसेक ग्रॅम. तिच्यावर सुईच्या टोकाएवढं भोक असतं, तिथून आतल्या चिपला हवेचा दाब कळतो. तापमान मोजणारा घटक, फिरणं ओळखणारा घटक, छोटा रेडिओ आणि लिथियमची चपटी बॅटरी, हे सगळं राळेसारख्या पदार्थात कायमचं बंद केलेलं. प्रत्येक सेन्सरला स्वतःचा क्रमांक असतो, त्यामुळे शेजारच्या गाडीचा दाब आपल्या पडद्यावर येत नाही. आपल्याकडे आणि युरोपात तो 433 मेगाहर्ट्‌झवर बोलतो, अमेरिकेत बहुतेक 315 वर. मला त्याच्या सोसण्याचं नवल वाटतं. ताशी शंभराच्या वेगात चाकाच्या फिरण्याने हा तीस ग्रॅमचा तुकडा सुमारे पाच किलोच्या जोराने बाहेर ओढला जातो, उन्हाळ्यात तापतो, खड्ड्यात आपटतो, आणि तरी वर्षानुवर्षं बरोबर आकडा सांगतो.

तो सतत बोलत नाही. बॅटरी वाचवायची असते, म्हणून गाडी उभी असताना जवळजवळ झोपलेला असतो. चाक ठरावीक वेगाने फिरू लागलं की जागा होतो आणि मिनिटाभराच्या अंतराने निरोप धाडतो. हवा झपाट्याने उतरू लागली तर लगेच. तरीही ही बॅटरी पाच ते दहा वर्षांत संपते आणि तेवढी बदलता येत नाही, सेन्सरच नवा घ्यावा लागतो. तेव्हा अनेक गाड्यांत दिवा आधी मिनिटभर लुकलुकतो आणि मग स्थिर होतो. हवा कमी नसून यंत्रणाच बिघडल्याची ती खूण. ती पुष्कळांना माहीत नसते. मग दिव्याची सवय होते, आणि खरंच हवा उतरते त्या दिवशीही तो तसाच दिसतो.

माझ्या आधीच्या गाडीत चाकात सेन्सर नव्हतेच, तरी हा दिवा होता. तिथे एबीएससाठी प्रत्येक चाकाचा वेग मोजलेला असतोच, त्यावरूनच अंदाज बांधतात. हवा कमी झालेलं चाक किंचित लहान होतं, म्हणून तेवढ्याच अंतरात थोडं जास्त फिरतं. चार चाकांची तुलना करून गाडी ते हेरते. युक्ती स्वस्त आणि हुशार आहे, पण आजच्यासारख्या थंडीत चारही चाकं सारखीच उतरली तर साध्या तुलनेला फरक दिसणार कुठून? आणि हवा भरून झाली की रीसेटचं बटण दाबावं लागतं. हवा न भरता कुणी ते दाबलं तर गाडी कमी दाबालाच बरोबर मानून बसते. दिवा जातो, धोका तिथेच राहतो. हे मी स्वतः केलेलं आहे, एका लग्नाच्या घाईत. आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

दिवा पेटतो तो आकडाही नीट समजून घ्यावा. अमेरिकेच्या नियमात शिफारशीपेक्षा 25 टक्के दाब कमी झाला की इशारा द्यायचा असतो. तेहतीसचे पंचवीस टक्के गेले की उरतात पावणेपंचवीस. माझी गाडीही चोवीसलाच बोलली. म्हणजे सव्वीस-सत्तावीसवर मी बरेच दिवस धावत असणार, गाडीच्या लेखी सगळं ठीक. कमी हवेच्या टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकते आणि त्या वाकण्याने आतून तापते. वेग, ओझं आणि ऊन जोडीला आलं की थर सुटू लागतात. तो नियम आला तोही अशाच अपघातांमुळे. फोर्ड एक्सप्लोरर गाड्यांवरच्या फायरस्टोन टायरांचे थर धावताना सुटत होते, गाड्या उलटत होत्या, अडीचशेहून अधिक माणसं गेली. ऑगस्ट 2000 मध्ये सुमारे 65 लाख टायर परत बोलावले गेले. दोष कुणाचा यावर दोन्ही कंपन्या भांडल्या, आणि त्या भांडणात एक आकडा सारखा येत राहिला: त्या गाडीला फोर्डने सांगितलेली हवा, 26. त्याच वर्षी अमेरिकेने कायदा केला आणि 2007 च्या सप्टेंबरपासून तिथल्या सगळ्या नव्या मोटारींत ही यंत्रणा आली. आपल्याकडे 2020 मध्ये नियम बदलला: ट्यूबलेस टायर, पंक्चर काढायचा संच आणि ही यंत्रणा असेल तर लहान गाडीला स्टेपनीची सक्ती नाही. माझ्या गाडीत स्टेपनी नाही ती म्हणूनच.

पॅच बसला. त्याने चाक पाण्याच्या टाकीत फिरवलं. एकही बुडबुडा नाही. मग चारही चाकं तेहतीसवर आणली. व्हॉल्व्हवर पितळी टोपण बसवायला मी सुचवलं, तर त्याने बिस्किटांचा डबा पुन्हा उघडला. अॅल्युमिनियमच्या व्हॉल्व्हवर पितळी टोपण गंजून एकजीव झालेलं होतं, कोकणातल्या गाडीचं. सोडवताना व्हॉल्व्हच तुटला, सेन्सर गेला. "प्लास्टिकचंच ठेवा."

पैसे विचारले, तर तो अजून गाडीखालीच होता. मागच्या उजव्या चाकाची आतली बाजू हाताने चाचपत होता. त्याने मला बोलावलं आणि माझा हात तिथे ठेवला. लिंबाएवढा फुगवटा. बाहेरून दिसतच नव्हता. कुठल्यातरी खड्ड्यात आतले धागे तुटले होते, फक्त वरचं रबर हवा अडवून होतं.

मी पडद्याकडे बघितलं. त्या चाकाचा सकाळचा आकडा तीस होता, बाकीच्यांशी जुळणारा, आणि खोटा नव्हता. आत हवा खरंच तेवढी होती. सेन्सर हवा मोजतो. झिजलेली नक्षी, कापलेली बाजू, टायरचं वय यातलं काहीच त्याच्यापर्यंत पोचत नाही. हा टायर समृद्धीवर फुटला असता तर शेवटच्या क्षणापर्यंत आकडा बरोबरच असता.

त्याच मापाचा टायर गावातून यायला नऊ वाजले. रिमवरच्या सेन्सरला धक्का न लावता त्याने हलक्या हाताने जुना टायर काढून नवा बसवला, बॅलन्सिंग केलं, नट टॉर्कच्या पान्याने आवळले. मी निघाले तेव्हा तो फुगलेला टायर रस्त्याकडेला आडवा टाकून कटरने त्याची बाजू या कडेपासून त्या कडेपर्यंत चिरत होता.

"नाहीतर कुणीतरी उचलून नेईल, ताई. हवा भरली की भरते ना त्यात."