स्टोअर्ड प्रोसिजरमध्ये चालू फंक्शनच्या नावाची उपलब्धता : पोस्टग्रेस डेटाबेसच्या संदर्भात एक विवेचन

बीजसंज्ञा : डेटाबेस, स्टोअर्ड प्रोसिजर, पीएल/पीजीएसक्यूएल, दोषशोधन, कॉल स्टॅक

प्रस्तावना

डेटाबेसचा उपयोग केवळ विदा साठवण्यासाठी करावयाचा, की व्यवहाराचे नियमही तेथेच ठेवावयाचे, हा संगणकशास्त्रातील जुना वाद आहे. ज्या संस्थांनी दुसरा मार्ग पत्करला, त्यांच्या डेटाबेसमध्ये काही वर्षांतच शेकडो स्टोअर्ड प्रोसिजर व फंक्शन्स जमा होतात. एक फंक्शन दुसऱ्यास बोलावते, दुसरे एखाद्या तक्त्यात नोंद करते, त्या नोंदीमुळे ट्रिगर जागा होतो आणि तो आणखी एका फंक्शनकडे काम सोपवतो. अशा प्रणालीत दोष उद्भवला असता 'काय बिघडले' याच्याही आधी 'कोठे बिघडले' हे कळावे लागते. त्यासाठी चालू असलेल्या फंक्शनला स्वतःचे नाव सांगता आले पाहिजे. ही अपेक्षा साधी वाटते. परंतु ती पूर्ण होण्यास बराच काळ जावा लागला.

समस्येचे स्वरूप

महाविद्यालयीन निकालप्रक्रियेचे एक काल्पनिक उदाहरण घेऊ. श्रेयांक सरासरी काढणारे एक फंक्शन नियमित परीक्षा, पुनर्परीक्षा, पुनर्मूल्यांकन आणि सवलतीचे गुण अशा चार ठिकाणांहून बोलावले जाते. एखाद्या विद्यार्थ्याच्या नोंदीत श्रेयांकांची बेरीज शून्य आल्यास शून्याने भागाकार होतो व डेटाबेस त्रुटी दर्शवतो. आता आज्ञावलीकाराने सर्व प्रकारच्या त्रुटी झेलणारा अपवाद-खंड लिहून त्यात 'गणनेत चूक' एवढाच संदेश ठेवला व उत्तरादाखल शून्य परत केले, तर प्रक्रिया थांबत नाही. विद्यार्थी मात्र अनुत्तीर्ण ठरतो. नोंदवहीत 'गणनेत चूक' ही ओळ उमटते. ती कोणत्या फंक्शनने लिहिली आणि त्यास कोणी बोलावले, याचा मागमूस उरत नाही. त्रुटी झेलणारा खंड लिहिणे ही कित्येकदा सावधगिरी समजली जाते. नावाविना झेललेली त्रुटी ही वस्तुतः लपवलेली त्रुटी होय.

यावर प्रचलित उपाय म्हणजे प्रत्येक फंक्शनच्या आरंभी त्याचे नाव एका स्थिरांकात लिहून ठेवणे. हा उपाय भरवशाचा नाही. नवीन फंक्शन बहुधा जुन्याची नक्कल करूनच लिहिले जाते आणि स्थिरांक बदलण्याचे राहून जाते. फंक्शनचे नाव बदलण्याची आज्ञा दिली तरी आतील स्थिरांक जुनाच राहतो. मग नोंदवही आत्मविश्वासाने चुकीचे नाव सांगते. नाव नसल्यास शोध घेणारा सर्वत्र पाहतो. चुकीचे नाव असल्यास तो योग्य ठिकाणी पाहतच नाही.

फंक्शनला स्वतःचे नाव का ठाऊक नसते?

पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक फंक्शनची नोंद 'पीजी_प्रॉक' या प्रणाली-तक्त्यात असते. नाव एका स्तंभात, तर पीएल/पीजीएसक्यूएलमध्ये लिहिलेला देह दुसऱ्या स्तंभात निव्वळ मजकूर म्हणून साठवला जातो. नाव हा देहाचा भाग नाही. म्हणूनच नाव बदलताना देहाला स्पर्श करावा लागत नाही, आणि म्हणूनच देहाला आपले नाव सांगता येत नाही. पीएल/पीजीएसक्यूएल ही भाषा १९९८ साली पोस्टग्रेसच्या ६.४ आवृत्तीबरोबर आली. परंतु हे नाव विचारण्याची थेट सोय तिच्यात पुढे दीर्घकाळ नव्हती. ट्रिगरसाठी 'टीजी_नेम' हा चल उपलब्ध आहे खरा. पण तो ट्रिगरचे नाव देतो, त्यामागील फंक्शनचे नव्हे. एकच फंक्शन अनेक ट्रिगरांना जोडता येत असल्याने हा भेद महत्त्वाचा ठरतो.

उपलब्ध झालेल्या सोयी

२०१२ च्या ९.२ आवृत्तीत 'गेट स्टॅक्ड डायग्नॉस्टिक्स' ही आज्ञा आली. अपवाद-खंडाच्या आत तिच्याकडून 'पीजी_एक्सेप्शन_कॉन्टेक्स्ट' हा घटक मागितला असता, त्रुटी जेथे घडली तेथपासूनची फंक्शनांची साखळी मजकूररूपात मिळते. २०१४ च्या ९.४ आवृत्तीने त्रुटी नसतानाही हीच साखळी 'पीजी_कॉन्टेक्स्ट' या नावाने खुली केली. साखळीतील सर्वांत वरची ओळ सर्वांत आतील फंक्शनची असते. प्रत्येक ओळीत फंक्शनचे नाव, ओळीचा क्रमांक व विधानाचा प्रकार येतो.

ओळीच्या क्रमांकाबाबत अनेकांचा गोंधळ होतो. क्रमांक मोजला जातो तो फंक्शनच्या देहाच्या आरंभापासून, म्हणजे डॉलर-चिन्हांच्या सलामीच्या जोडीपासून. त्यापूर्वीच्या, नाव व प्राचल घोषित करणाऱ्या ओळी त्यात धरल्या जात नाहीत. संपादकातील फाइलचा क्रमांक आणि संदेशातील क्रमांक जुळत नाहीत ते यामुळे.

बरीच वर्षे आज्ञावलीकार या साखळीच्या पहिल्या ओळीतून नाव कातरून घेत असत. ही युक्ती चालते. पण ती नाजूक आहे. हा मजकूर माणसाने वाचावा म्हणून रचलेला आहे. सर्व्हरच्या संदेशांची भाषा बदलली की त्यातील शब्द बदलतात, आणि इंग्रजी शब्दांवर बेतलेला शोध-साचा निष्फळ ठरतो. शिवाय एका नावासाठी संपूर्ण साखळी उभारण्याचा खर्च प्रत्येक वेळी सोसावा लागतो. सप्टेंबर २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १६ व्या आवृत्तीने हा प्रश्न सोडवला. त्यात 'गेट डायग्नॉस्टिक्स' या आज्ञेस 'पीजी_रूटीन_ओआयडी' हा घटक जोडण्यात आला. तो चालू फंक्शनचा अंतर्गत ओळखक्रमांक देतो. हा क्रमांक 'रेगप्रोसिजर' या प्रकारात रूपांतरित केला की नावासह प्राचलांचे प्रकारही मिळतात. पोस्टग्रेसमध्ये एकाच नावाची, भिन्न प्राचलांची अनेक फंक्शन्स असू शकतात. त्यामुळे केवळ नाव पुरेसे नसते. मात्र स्कीमाचे नाव त्यात दिसेलच असे नाही. फंक्शन शोधमार्गाद्वारे थेट सापडणारे असेल, तर ते गाळले जाते. निनावी 'डू' खंडाच्या बाबतीत क्रमांक शून्य येतो, जे तर्काला धरूनच आहे.

इतर प्रणाली

मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये '@@प्रॉकआयडी' चालू प्रोसिजरचा क्रमांक देते व 'ऑब्जेक्ट_नेम' त्याचे नाव. २००५ च्या आवृत्तीत त्रुटी-झेल रचनेबरोबर आलेले 'एरर_प्रोसिजर' मात्र जेथे त्रुटी घडली त्या प्रोसिजरचे नाव सांगते. 'मी कोण' आणि 'चूक कोणाची' हे दोन निराळे प्रश्न आहेत, ही जाण येथे दिसते. ओरॅकलमध्ये संकलनकाळी मिळणारे '$$पीएलएसक्यूएल_युनिट' पॅकेजच्या आत वापरल्यास पॅकेजचेच नाव देते, आतील प्रोसिजरचे नव्हे. ती उणीव २०१३ च्या १२सी आवृत्तीतील 'यूटीएल_कॉल_स्टॅक'ने भरून काढली.

वापरातील पथ्ये

नाव मिळाले तरी ते कोठे लिहावयाचे, हा प्रश्न उरतो. पोस्टग्रेसमध्ये नोंदीसाठी वेगळा तक्ता करून त्यात नाव लिहिल्यास, व्यवहार रद्द होताच ती नोंदही पुसली जाते. ज्या क्षणी ती हवी असते, नेमक्या त्याच क्षणी. 'रेज लॉग' या विधानाने सर्व्हरच्या नोंदवहीत लिहिलेले मात्र टिकते. अपवाद-खंड असलेल्या ब्लॉकमध्ये शिरणे व बाहेर पडणे तुलनेने बरेच महाग असते. तेव्हा केवळ नाव टिपण्यासाठी प्रत्येक फंक्शनला असा खंड जोडणे योग्य नव्हे. त्रुटी झेललीच, तर साखळी टिपून ती पुन्हा वर पाठवावी. वरील उदाहरणात एवढे केले असते, तर शून्य सरासरी निकालपत्रकात पोहोचलीच नसती.

त्रुटीबरोबरची ही साखळी सर्व्हर वापरकर्त्याच्या आज्ञावलीकडेही पाठवतो. संकेतस्थळाने ती जशीच्या तशी पडद्यावर छापल्यास डेटाबेसची अंतर्गत रचना कोणासही वाचता येते. म्हणून पडद्यावर संक्षिप्त संदेश व एक संदर्भक्रमांक दाखवावा, आणि फंक्शनांची नावे त्याच क्रमांकाखाली सर्व्हरच्या नोंदवहीत ठेवावीत.